शत्रूच्या घरचे पाहुणे : फ्रेंच-जर्मन युवा-विनिमय आणि लोकशाहीचे शिक्षण

१

लोकशाही शिकवता येते काय, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला सहसा पडत नाही. तेथे व्याख्या असते, वैशिष्ट्ये असतात, गुणदोष असतात आणि शेवटी स्वाध्याय असतो. विद्यार्थी नेमून दिलेल्या ओळींत उत्तर लिहून मोकळा होतो. परंतु ज्या समाजाने मतपेटीतून मिळालेल्या बळाच्या आधारे हुकूमशाही स्वीकारली, जिने सारे युरोप खंड बेचिराख केले, त्या समाजातील तरुणांना लोकशाही कशी शिकवायची, हा प्रश्न १९४५ साली जेव्हा प्रत्यक्ष उभा राहिला तेव्हा त्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. त्यावर जे अनेक उपाय योजले गेले त्यांपैकी एक वरवर पाहता अगदी साधा होता : या देशातील मुले त्या देशात पाठवायची, त्या देशातील मुले या देशात आणायची, आणि त्यांना काही दिवस एकत्र राहू द्यायचे.

आज या प्रकाराला आपण 'युवा-विनिमय' म्हणतो. त्याच्या प्रचारपत्रकांत मैत्री, सौहार्द, विश्वबंधुत्व असे शब्द इतक्या सैलपणे वापरलेले असतात की, अभ्यासकाचे मन त्यांपासून आपोआप दूर जाते. परंतु या शब्दांच्या आड एक खराखुरा इतिहास आहे. तो सरळ रेषेत जाणारा नाही. त्यात फसवणूक आहे, राजकीय स्वार्थ आहे, परक्यांचा पैसा आहे आणि तरीही काही टिकाऊ असे हाती लागल्याचा पुरावाही आहे. फ्रान्स आणि जर्मनी या दोन देशांच्या उदाहरणावरून हा इतिहास तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेल्या या शेजाऱ्यांनी जगातील बहुधा सर्वांत मोठा युवा-विनिमयाचा प्रयोग केला, हे या निवडीचे कारण.

२

या इतिहासाची सुरुवात १९४५ पासून केली तर तो फार सोपा आणि फार गोड होतो. म्हणून दोन दशके मागे जाणे आवश्यक आहे.

पहिल्या महायुद्धात व्हर्दँच्या रणभूमीवर लाखो फ्रेंच आणि जर्मन सैनिक मृत्युमुखी पडले. १९२० साली, युद्ध संपून दोन वर्षे झालेली असताना, पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस अभियंत्याने व्हर्दँजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात स्वयंसेवकांची एक छोटी तुकडी नेली. तिच्यात जर्मनही होते. ज्या भूमीवर आपल्या देशबांधवांनी तोफगोळे टाकले तेथेच ढिगारे उपसायचे, खड्डे बुजवायचे, निवारे बांधायचे, असा हा कार्यक्रम होता. व्याख्यान नव्हते, ठराव नव्हते. स्थानिक अधिकाऱ्यांना मात्र जर्मनांचे अस्तित्व सहन होईना, आणि काही महिन्यांतच तुकडीला काम आवरते घ्यावे लागले. तरीही याच प्रयोगातून आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची परंपरा आणि 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उदयास आली. सेरेसोल यांचा आपल्याशीही संबंध आहे. जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला तेव्हा ते मूठभर युरोपीय सहकाऱ्यांसह तेथे आले आणि राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदतकार्यात सामील होऊन त्यांनी गावे पुन्हा वसवण्याचे काम केले.

याच काळातील दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे आहे. १९३० च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील सोलबर्ग या डोंगरावर फ्रेंच आणि जर्मन तरुणांचे एक शिबिर भरले. शेकोटी, गाणी, पदभ्रमण, रात्री उशिरापर्यंत चर्चा, असे त्याचे स्वरूप होते. आयोजक दोघे : ओटो आबेट्झ हा चित्रकला शिकवणारा जर्मन शिक्षक आणि जाँ ल्युशेर हा फ्रेंच पत्रकार. दोघेही तरुण, दोघेही समेटाचे पुरस्कर्ते. पुढील दोन वर्षे असे मेळावे आळीपाळीने दोन्ही देशांत भरले. त्या वेळी कोणी विचारले असते तर युवा-विनिमयाचा आदर्श म्हणून सेरेसोलच्या अपयशी तुकडीपेक्षा सोलबर्गच्या शिबिराकडेच बोट दाखवले गेले असते.

पुढे काय झाले? १९३३ साली नाझी सत्तेवर आले. आबेट्झ त्यांच्या युवक संघटनेच्या आणि नंतर रिबेनट्रॉपच्या सेवेत रुजू झाला. फ्रेंच बुद्धिमंतांशी, माजी सैनिकांशी, तरुणांशी असलेली त्याची जवळीक हीच त्याची पात्रता ठरली. विनिमय बंद पडला नाही. उलट नाझींनी तो उत्साहाने चालवला. फरक इतकाच की, आता फ्रेंच पाहुण्यांना जे दाखवायचे ते ठरवलेले होते आणि जर्मन यजमानांनी काय बोलायचे तेही. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा हाच आबेट्झ हिटलरचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये येऊन बसला आणि त्याचा मित्र ल्युशेर त्याच्या आश्रयाने वृत्तपत्रसृष्टीचा कारभारी झाला. मुक्तीनंतर ल्युशेरला देशद्रोहाबद्दल मृत्युदंड झाला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. आबेट्झला १९४९ साली वीस वर्षांची शिक्षा झाली.

या कथेचा अर्थ सगळे विनिमय फसवे असतात असा काढणे घाईचे होईल. परंतु एवढे मात्र तिच्यावरून निश्चित होते की, परक्या देशातील तरुणाशी मैत्री होणे आणि लोकशाही शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोलबर्गच्या शिबिरार्थींनी एकमेकांच्या राष्ट्राबद्दल जिव्हाळा कमावला. मात्र त्या राष्ट्रात विरोधकाला काय वागणूक मिळते, अल्पसंख्याकांचे काय होते, हे विचारण्याची सवय त्यांना लागली नाही. अशी सवय नसलेला जिव्हाळा हुकूमशाहीला गैरसोयीचा तर नसतोच, उलट उपयोगीच पडतो.

३

१९४५ नंतर जर्मनी चार सत्तांच्या ताब्यात विभागला गेला, आणि 'पुनर्शिक्षण' हा शब्द रूढ झाला. जेत्यांनी पराभूतांना लोकशाही शिकवावी, असा त्याचा उघड अर्थ. या अर्थातच एक विसंगती दडलेली होती. बंदुकीच्या पहाऱ्यात, परक्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने, शिधापत्रिकेवर जगणाऱ्या माणसाला तू स्वतंत्र विचार कर असे सांगायचे, आणि त्याने तो केल्याचे प्रमाणपत्रही आपणच द्यायचे.

ब्रिटिशांनी या विसंगतीवर एक कल्पक तोड काढली. जानेवारी १९४६ मध्ये इंग्लंडमधील विल्टन पार्क येथे जर्मन युद्धकैद्यांसाठी अभ्यासवर्ग सुरू झाले. प्रमुख होते हाइन्झ क्योप्लर, जर्मनीतून इंग्लंडमध्ये येऊन ऑक्सफर्डमध्ये स्थिरावलेले इतिहासाचे अभ्यासक. तेथे कैद्यांना ब्रिटिश वक्त्यांची केवळ भाषणे ऐकवली जात नसत. त्यांच्याशी हुज्जत घालण्याची मुभा होती. युद्ध जिंकणाऱ्या देशाच्या प्रतिनिधीला त्याच्याच भूमीवर एका कैद्याने प्रतिप्रश्न करावा आणि त्याबद्दल त्याचे काहीही वाकडे होऊ नये, हा अनुभव बारा वर्षे नाझी राजवटीत काढलेल्या माणसाला नवा होता. चार हजारांहून अधिक जर्मन या वर्गांतून गेले. अमेरिकेनेही पुढील काही वर्षांत दहा हजारांहून अधिक जर्मनांना आपल्या देशात नेले. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, पत्रकार होते. नगरसभा, शाळा, वृत्तपत्रे कशी चालतात ते त्यांना दाखवण्यात आले.

फ्रान्सची अडचण निराळी होती. फ्रान्स जेत्यांच्या पंक्तीत बसला असला, तरी चार वर्षांचा ताबा, ओलिसांच्या कत्तली आणि छळछावण्यांतून परतलेली हाडांची माणसे यांची आठवण ताजी होती. ज्यांनी खरा छळ सोसला त्यांनीच द्वेषाचा मार्ग नाकारावा, ही या कथेतील विलक्षण गोष्ट. जोसेफ रोव्हाँ यांचा जन्म १९१८ साली म्युनिकमध्ये ज्यू वंशाच्या कुटुंबात झाला. नाझी सत्तेवर येताच कुटुंब फ्रान्समध्ये आले. प्रतिकार चळवळीत भाग घेतल्याबद्दल १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि डाखाऊच्या छावणीत पाठवण्यात आले. म्हणजे ज्या शहरात जन्म झाला त्याच्याच वेशीवर कैदी म्हणून ते परतले. सुटकेनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, 'एस्प्री' या नियतकालिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. आपल्या लायकीचा जर्मनी आपल्याला मिळेल, असा त्याच्या शीर्षकाचा रोख होता. पराभूत देशाशी आपण न्यायाने वागलो तर तेथे लोकशाही रुजण्याची शक्यता आहे, सूडाने वागलो तर जे उगवेल त्याचे पितृत्व आपल्याकडेही येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

रोव्हाँ पुढे जर्मनीतील फ्रेंच प्रशासनात लोकशिक्षणाच्या कामाला लागले. त्याआधीच जाँ द्यु रिव्हो या जेझुइट धर्मगुरूंनी १९४५ सालीच ऑफेनबुर्ग येथून दोन भाषांत दोन नियतकालिके सुरू केली होती : एक जर्मनांना फ्रान्स समजावून सांगणारे, दुसरे फ्रेंचांना जर्मनी. फ्रेंच विभागात जाँ मोरो यांच्या देखरेखीखाली उन्हाळी शिबिरे भरू लागली. त्यांत दोन्ही देशांचे तरुण एकत्र आणले जात. १९५० साली फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या गावांनी एकमेकांशी नगर-सख्य जोडले. दोन देशांतील हे पहिले सख्य. माँबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्युसियाँ तारादँ स्वतः बुखेनवाल्ड छावणीतून वाचलेले होते. त्यांच्या गावकऱ्यांना त्यांच्यासमोर द्वेषाचा युक्तिवाद करणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करता येते.

४

६ ऑगस्ट १९५० रोजी विसेंबुर्गजवळच्या सीमानाक्यावर युरोपातील अनेक देशांचे सुमारे तीनशे विद्यार्थी दोन्ही बाजूंनी येऊन धडकले. त्यांनी सीमेवरचे अडसर उखडले आणि त्यांची होळी केली. एकसंध युरोप हवा, अशी त्यांची मागणी होती. युवकांनी सरकारांच्या पुढे धाव घेतल्याचे हे दृश्य मोठे आकर्षक आहे, आणि आजही युरोपीय ऐक्याच्या समारंभांत ते आठवले जाते.

मात्र त्याच काळातील दुसरे दृश्यही पाहिले पाहिजे. १९५१ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनच्या काठच्या लोरेलाय कड्यावर पश्चिम युरोपातील हजारो तरुणांचा मेळावा भरला. त्याच उन्हाळ्यात पूर्व बर्लिनमध्ये साम्यवादी गटाचा जागतिक युवक महोत्सव भरला होता. हा योगायोग नव्हता. शीतयुद्धात दोन्ही बाजूंना तरुण हवे होते आणि दोन्ही बाजूंचे तंबू, ध्वज आणि समूहगीते एकमेकांसारखीच होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'युरोपीय युवक मोहिमे'चा खर्च एका अमेरिकी समितीमार्फत येत होता, आणि त्या समितीमागे अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचा पैसा होता, हे पुढे कागदपत्रांवरून उघड झाले. १९६७ साली 'रॅम्पार्ट्स' या अमेरिकी मासिकाने तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला याच खात्याकडून वर्षानुवर्षे पैसा मिळत असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर खळबळ माजली. लोकशाहीचा प्रसार करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच आपला खर्च कोण करते हे ठाऊक नसावे, यापेक्षा लोकशाहीची मोठी थट्टा कोणती?

तरीही येथे एक भेद करायला हवा. पूर्व बर्लिनच्या महोत्सवातील तरुणाला घरी परतल्यावर यजमान राज्याबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारणे शक्य नव्हते. अमेरिकी पैशाचे प्रकरण मात्र एका अमेरिकी मासिकानेच उजेडात आणले आणि त्याचे संपादक तुरुंगात गेले नाहीत. दोन्ही बाजू सारख्याच होत्या असे म्हणून हात झटकणे सोपे असते, पण ते खरे नाही. पैशाचा उगम लपवला होता हे जितके खरे, तितकेच तो उघड करण्याची वाट मोकळी होती हेही खरे.

५

सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल जर्मनीच्या दौऱ्यावर गेले आणि ९ तारखेला लुडविग्सबुर्ग येथे त्यांनी जर्मन तरुणांसमोर जर्मन भाषेत भाषण केले. दोन्ही महायुद्धांत जर्मनांविरुद्ध लढलेला, पहिल्या युद्धात त्यांच्या कैदेत राहिलेला हा वृद्ध सेनानी आपल्याला एका थोर राष्ट्राची मुले म्हणून संबोधतो, याचा त्या तरुणांवर झालेला परिणाम समकालीनांनी नोंदवला आहे. चार महिन्यांनी, २२ जानेवारी १९६३ रोजी, द गॉल आणि जर्मन चॅन्सेलर कॉनराड आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. परराष्ट्रनीती, संरक्षण आणि शिक्षण-युवक असे त्याचे तीन विषय. पहिल्या दोन विषयांत करार लवकरच लंगडा पडला, कारण जर्मन संसदेने मान्यता देताना जोडलेल्या प्रस्तावनेने अमेरिकेशी असलेल्या बांधिलकीला अग्रक्रम दिला. तिसरा विषय मात्र, जो मुत्सद्द्यांना बहुधा गौण वाटला असेल, सर्वांत जास्त फळला. ५ जुलै १९६३ रोजी 'फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय' स्थापन झाले.

या कार्यालयाची रचना हा आमच्या मते या साऱ्या विषयाचा गाभा आहे. ते कोणत्याही एका सरकारचे खाते नव्हते. दोन्ही देशांचा खर्चाचा वाटा सारखा, प्रतिनिधी सारखे, आणि कारभारात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर युवक संघटनांनाही स्थान. कार्यालय स्वतः शिबिरे भरवण्याऐवजी मुख्यतः इतरांना अर्थसाहाय्य देई. क्रीडामंडळे, शाळा, कामगार संघटना, चर्चचे युवक गट, ग्रामीण मंडळे, जुळी नगरे असे अनेक जण आपापले कार्यक्रम आखत. त्यामुळे 'मान्यताप्राप्त मैत्री' असा एकच साचा तयार झाला नाही. १९३० च्या दशकात आबेट्झच्या हाती जसे सारे धागे आले होते तसे कोणा एकाच्या हाती येणे येथे अवघड होते. संस्थेची घटनाच जणू पूर्वीच्या अपघातावर उतारा म्हणून लिहिली होती.

आणि शिबिरात प्रत्यक्ष काय घडते? दोन भाषांच्या तरुणांचा गट काही दिवस एकत्र राहतो. प्रत्येक वाक्य दुसऱ्या भाषेत जायचे असल्यामुळे बोलण्याची गती मंदावते. घाईघाईने, आवाज चढवून समोरच्याला गप्प करणे जमत नाही, कारण अनुवाद होईपर्यंत थांबावेच लागते. जेवणात काय असावे, दिवे कधी मालवावेत, रविवारी कोठे जावे या क्षुल्लक गोष्टी ठरवताना आपल्याला नैसर्गिक वाटणारा रिवाज हा आपल्या देशाचा रिवाज आहे, हे उमगू लागते. भाषा मुळीच न येणाऱ्यांसाठी खेळांतून भाषा शिकवण्याची एक पद्धती या कार्यालयाने विकसित केली. इ. स. २००० मध्ये सुरू झालेल्या 'व्होल्तेर' कार्यक्रमात जर्मन विद्यार्थी सहा महिने फ्रेंच जोडीदाराच्या घरी राहतो आणि नंतर तो फ्रेंच जोडीदार सहा महिने याच्या घरी. पाहुणा आणि यजमान या दोन्ही भूमिका प्रत्येकाच्या वाट्याला येतात. उपकारकर्ता आणि उपकृत असे नाते त्यामुळे कायम राहत नाही. १९४५ च्या 'पुनर्शिक्षणा'त नेमकी हीच गोष्ट नव्हती. तेथे एक शिकवणारा होता आणि दुसरा शिकणारा.

६

येथवरचा इतिहास वाचून फ्रान्स हा लोकशाहीचा निष्कलंक गुरू होता असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे.

जर्मन तरुणांना मानवी हक्कांची महती पटवली जात असताना, १९५४ ते १९६२ या काळात, फ्रान्स अल्जेरियात एक क्रूर वसाहतयुद्ध लढत होता. त्यात कैद्यांचा छळ सर्रास होत होता. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी खुद्द पॅरिसमध्ये शांततेने मोर्चा काढणाऱ्या अल्जेरियनांवर पोलीस तुटून पडले. कित्येकांना ठार मारून सेन नदीत फेकण्यात आले. त्या वेळी पॅरिसचा पोलीसप्रमुख मोरिस पापाँ होता. युद्धकाळात बोर्दो येथील ज्यूंना छळछावण्यांकडे रवाना करण्यात त्याचा हात होता, आणि त्याबद्दल त्याला १९९८ साली, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, शिक्षा झाली. जर्मनीतही माजी नाझी न्यायाधीश आणि अधिकारी आपापल्या खुर्च्यांवर पुन्हा स्थिरावले होते. समेटाच्या समारंभात दोन्ही देशांनी एकमेकांची ही झाकली मूठ उघडण्याचे टाळले, असे म्हणावे लागते. राज्यकर्त्यांच्या मैत्रीत असे मौन सोयीचे असते.

हे मौन पुढील पिढीने मोडले. १९६८ साली पॅरिसच्या विद्यार्थी आंदोलनाचा एक पुढारी डानिएल कोन-बेंडिट याला फ्रान्समध्ये पुन्हा प्रवेश नाकारण्यात आला. नाझींपासून पळून आलेल्या जर्मन ज्यू मातापित्यांच्या पोटी तो १९४५ साली फ्रान्समध्ये जन्मला होता. त्याच्या परकेपणावर बोट ठेवले जाताच पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी 'आम्ही सारे जर्मन ज्यू आहोत' अशी घोषणा दिली. शतकभर शिवीसारखे वापरले गेलेले दोन शब्द फ्रेंच तरुणांनी स्वखुशीने स्वतःला लावून घेतले. हा काही युवा कार्यालयाचा कार्यक्रम नव्हता आणि सरकारला तो रुचण्याचे कारणही नव्हते. परंतु शेजाऱ्याच्या बाजूने आपल्याच सरकारला विरोध करता येणे, याला लोकशाहीचे शिक्षण म्हणायचे नाही तर कशाला? हाच कोन-बेंडिट पुढे युरोपीय संसदेवर कधी जर्मनीतून तर कधी फ्रान्समधून निवडून जात राहिला. १९७२ साली युरोप परिषदेने स्ट्रासबुर्ग येथे युवक केंद्र सुरू केले. त्याच्या कारभारात सरकारे आणि युवक संघटना यांना बरोबरीचा अधिकार देण्यात आला. १९६८ च्या वादळाचा हा एक शांत परिणाम.

दुसरी मर्यादा वर्गाची. परदेशी भाषा शिकलेला, घरात पुस्तके असलेला, पाहुण्या मुलाला स्वतंत्र खोली देऊ शकणाऱ्या कुटुंबातला विद्यार्थी या कार्यक्रमांकडे सहज वळतो. कारखान्यात उमेदवारी करणारा मुलगा किंवा स्थलांतरितांच्या वस्तीतली मुलगी तेथे आपोआप पोचत नाही. कार्यालयाने उमेदवार कामगार, बेरोजगार तरुण यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम आखले. तिसऱ्या देशातील तरुणांनाही सामावून घेतले. तरी हा प्रश्न पूर्ण सुटला आहे असे कोणी म्हणणार नाही. २०२२ च्या फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत अतिउजव्या उमेदवाराला एकेचाळीस टक्क्यांहून अधिक मते पडली, आणि फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन निवडणुकीत परकीयद्वेषाचे राजकारण करणारा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. साठ वर्षांत नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी ज्या विनिमयात भाग घेतला, त्या दोन देशांची ही अवस्था आहे. युवा-विनिमय ही लोकशाहीची लस आहे, एकदा टोचली की आयुष्यभराची निश्चिती, असे मानणाऱ्यांनी या आकड्यांसमोर थोडे थांबावे.

७

मग हाती काय लागले? एक उदाहरण देतो. जानेवारी २००३ मध्ये एलिझे कराराला चाळीस वर्षे झाली, तेव्हा बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या सुमारे साडेपाचशे विद्यार्थ्यांची युवा संसद भरली. अशा संसदेत ठराव होतात, टाळ्या पडतात आणि छायाचित्रे निघतात, हे आपल्याला नवीन नाही. येथे मात्र विद्यार्थ्यांनी एक अडचणीची मागणी केली : दोन्ही देशांतील शाळांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे. सरकारांनी ती उचलून धरली. दोन्हीकडच्या इतिहासकारांनी आणि शिक्षकांनी मिळून लिहिलेला पहिला खंड २००६ मध्ये एकाच वेळी दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. नंतर २००८ आणि २०११ मध्ये आणखी दोन खंड निघाले. त्यात मतभेद पुसून टाकलेले नाहीत. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या युद्धोत्तर भूमिकेकडे दोन्ही देशांतले अभ्यासक वेगळ्या दृष्टीने पाहतात, आणि तो वेगळेपणा विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला आहे. किती शाळांनी हे पुस्तक रोजच्या अध्यापनात वापरले, या कसोटीवर त्याचे यश मर्यादितच राहिले. परंतु ज्या दोन देशांत इतिहासाच्या तासाला शेजाऱ्याचा द्वेष पढवला जात होता, तेथे तो इतिहास दोघांनी एका टेबलाशी बसून लिहावा, ही मागणी मुलांकडून आली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या नमुन्यावर पुढे इतर संस्थाही उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये जर्मनी आणि पोलंड यांचे युवा कार्यालय स्थापन झाले. २०१६ मध्ये पश्चिम बाल्कनमधील सहा शासनांनी मिळून तिराना येथे असेच प्रादेशिक कार्यालय उभारले. १९९० च्या दशकात ज्या भूमीत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या कत्तली केल्या, तेथे हे काम फ्रान्स-जर्मनीपेक्षाही कठीण आहे, कारण तेथील अपराधी आणि बळी अजून एकाच रस्त्यावर राहतात.

८

महाराष्ट्रातील वाचकाला हा सारा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. श्रमशिबिराची कल्पना आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाने आणि बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीने रुजवली. साने गुरुजींनी 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले, त्यात एका प्रांतातील तरुणाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तेथील लोकांत राहावे, हाच आशय होता. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत, भाषिक प्रांतरचनेचा वाद पेटू लागलेला असताना, शेजाऱ्याचे घर आतून पाहिल्याखेरीज लोकशाही टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. युरोपात या जाणिवेला संस्थेची, निधीची आणि समान अधिकाराची जोड मिळाली. आपल्याकडे ती प्रामुख्याने काही ध्येयवादी माणसांच्या खांद्यांवर राहिली. ध्येयवादी माणसे थकतात, निवर्ततात. त्यांच्यामागे वर्धापनदिन उरतात. आज आपली मुले परदेशी जातात ती बहुतांशी पदवीसाठी आणि नोकरीसाठी. त्यात गैर काही नाही. पण शेजारच्या राज्यातील, शेजारच्या वस्तीतील समवयस्काच्या घरी आठ दिवस राहून आलेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात किती सापडतो, हे ज्याने त्याने आपल्या वर्गात विचारून पाहावे.

फ्रेंच-जर्मन इतिहासाने या प्रयोगाच्या अटी स्पष्ट केल्या आहेत. पाहुणा आणि यजमान यांच्या भूमिका आलटून पालटून याव्यात. पैसा कोठून येतो हे सर्वांना ठाऊक असावे. कारभारात तरुणांचा वाटा नाममात्र नसावा. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनाही या वाटेवर येता यावे. आणि मैत्रीच्या नावाखाली प्रश्न विचारण्याची बंदी नसावी. शेवटची ही अट पाळली नाही तर बाकीच्या साऱ्या अटी पाळूनही सोलबर्गची शेकोटी पुन्हा पेटू शकते. व्हर्दँजवळच्या त्या खेड्यात राबणाऱ्या तुकडीला काही महिन्यांत निघून जावे लागले, हे वर आलेच आहे. परंतु तिने निवडलेले काम उद्ध्वस्त गावाच्या उपयोगाचे होते आणि त्यात कोणाला काही लपवायचे नव्हते. पुढच्या काळात जे विनिमय टिकले, ते बहुधा याच दोन गोष्टींच्या बळावर टिकले.